हाड अजून तयार नाही

रसूल बाबालाल नदाफ, वय एकसष्ट,
मार्केट यार्डामागं, सांगली.
खुब्याचं हाड.
पेन्सिलीनं लिहिते मी. शाई अल्कोहोलात धुऊन जाते,
शिसं टिकतं, हे कोष्टी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
तेव्हापासून घरातली दुधाची वहीसुद्धा
पेन्सिलीनंच भरते.

करवतीनं दोन चकत्या काढल्या.
फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरले,
तेरा वर्षं झाली, अजून चुरचुरतात.
चकत्या जाळीच्या कापडात बांधून दोऱ्यानं
फॉर्मिक ॲसिडात सोडल्या, तळाला टेकू न देता.
बारीक बुडबुडे वर आले.
चुना निघायला लागला,
ज्याच्यावर या माणसानं एकतीस वर्षं
हळदीची पोती तोलली.

मुलगा रोज सव्वाअकराला खिडकीत.
झालं का?
हाड अजून तयार नाही.
तयार म्हणजे?
म्हणजे मऊ.
यासीन हसतो. आमच्या अब्बाचं हाड, मऊ?
मग बसा तुम्ही, मॅडम.

सरांचा फोन : नायट्रिक टाक, उद्या देऊन टाकू.
हो सर, म्हणते.
नायट्रिकमध्ये रात्रीत काम होतं, ठाऊक आहे,
पण पेशींची केंद्रकं जळतात, रंग धरत नाहीत,
मग काचेवर नुसता गुलाबी चिखल.
फोन ठेवते
आणि फॉर्मिकच बदलते पुन्हा.

रोज तळचं थोडं ॲसिड नळीत घ्यायचं,
अमोनिया, मग ऑक्झलेट, आणि थांबायचं.
ढगाळ. अजून आहे चुना.
पाचव्या दिवशी ढगाळ.
सातव्या दिवशी, वाटलं, जरा कमी.
नवव्या दिवशी नळीच्या आरपार
भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं,
त्यावर माझंच अक्षर : गॅस. संकष्टी. सावळजला फोन.

सावळजला दादांचा बेदाणा पडलाय शेडवर.
पाणी घाईनं काढलं की मण्याचं नुकसान, दादा म्हणतात,
सावलीत, वाऱ्यावर, त्याच्या कलानं.
आम्हीही तेच करतो दादा, मी एकदा सांगितलं होतं,
सत्तर टक्के, नव्वद, मग निव्वळ,
पायरी चुकली की आकसतं.
ते विचार करून म्हणाले,
पण तुमच्यात गोडी कुठं येते?

झायलीन. मग साठ अंशांचं मेण,
पाणी होतं तिथं मेण.
मायक्रोटोमवर पहिल्या चार पट्ट्या फाटल्या,
पाचवी कोमट पाण्यावर सायीसारखी पसरली,
श्वास आवरून काचेवर उचलली.
जांभळा, गुलाबी.
पुढचं सरांचं. रिपोर्ट मी वाचत नाही,
पाकीट मात्र मीच चिकटवते.

दीड महिन्यानं यासीन परत आला, पांढरं कापड घेऊन.
अब्बा म्हणतात, उरलेलं हाड आण, पुरून टाकू.
एस.टी.च्या खिडकीतनं रुमाल टाकतात ना,
तशी जागा धरून ठेवू दे त्याला,
मी येतो सावकाश.

तीन ठिकाणी सह्या घेतल्या.
त्यानं हाड तळहातावर घेऊन वरखाली केलं,
काटा नसला की यार्डातली माणसं करतात तसं.
आणि त्या दोन चकत्या?
मेणात. दहा वर्षं ठेवतो आम्ही.
कुठं?
मी कपाट दाखवलं, हिरवं, लोखंडी.
तो बराच वेळ बघत राहिला.
म्हणजे तिकडं थोडे, इथं थोडे.
मग गाठ मारता मारता म्हणाला,
याला कुलूप लागतं ना, मॅडम?

लागतं, मी म्हटलं.
किल्ली हरवून दोन वर्षं झालीत.